म्हाताऱ्या ॲक्सोलॉटलचं जेवण: नको, सापडत नाही, की गिळता येत नाही?

ॲक्सोलॉटल, म्हणजे डोक्याच्या बाजूंना पिसांसारखे कल्ले असलेला, आयुष्यभर पाण्यातच राहणारा उभयचर प्राणी, आठ-नऊ वर्षांचा झाला, की एखाद्या संध्याकाळी समोर टाकलेलं गांडूळ तसंच सोडून देतो आणि घरात वाक्य ऐकू येतं, "आज खाल्लं नाही." या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्याला खायचंच नाही. किंवा खायचंय, पण अन्न सापडत नाही. किंवा सापडलंय, तोंडातही घेतलंय, पण गिळता येत नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. नवखी मंडळी मात्र तिन्हींवर एकच उपाय करतात: दुसरं काहीतरी आणून टाकतात, आणि जरा जास्तच टाकतात. ते तळाशी सडतं, पाणी बिघडतं, आणि उरलीसुरली भूकही जाते. म्हणून अन्न बदलण्याआधी या तिन्हींतलं नेमकं काय चाललंय ते ओळखायचं. हा लेख इंदूरच्या हवेत, इंदूरच्या पाण्यावर हा प्राणी सांभाळणाऱ्यांसाठी लिहिला आहे. ग्वाल्हेर-बडोद्यालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी अंगकाठी बघा

पाळलेला ॲक्सोलॉटल साधारण १० ते १५ वर्षं जगतो. उतारवयात त्याची हालचाल मंदावते, कल्ल्यांची पिसं विरळ होतात, काहींच्या डोळ्यांत मोतीबिंदूसारखा पांढरेपणा येतो आणि भूकही कमी होते. पण ही उतरण महिन्यामहिन्याने दिसते. चार दिवसांत अन्न सुटलं असेल तर ते वयामुळे झालं असं धरून बसू नका. काहीतरी बिघडलेलं आहे.

आठवड्यातून एकदा बरोबर वरून फोटो काढा. पोटाची रुंदी डोक्याच्या रुंदीएवढी असेल तर अंग ठीक आहे. पोट डोक्यापेक्षा अरुंद आणि शेपटीचं मूळ चपटं दिसू लागलं तर तो झिजतो आहे. पोट डोक्यापेक्षा बरंच रुंद असेल तर चरबी, अंडी किंवा पोटात साठलेलं पाणी यांपैकी काहीतरी आहे. चरबी असेल तर ती सगळ्या अंगावर सारखी दिसते. पाणी साठलं असेल तर पोट पखालीसारखं फुगतं, पण पाय आणि डोकं सुकलेलं दिसतं. असं दिसलं तर जेवणाचे प्रयोग थांबवून थेट पशुवैद्याकडे जायचं.

वजनासाठी १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. त्यावर रुंद डबा ठेवून टाकीचंच पाणी घाला आणि काटा शून्यावर आणा. मग दुसरा छोटा डबा पाण्याखाली धरून प्राण्याला त्यात चालत येऊ द्या, डबा उचलून बरंचसं पाणी ओता आणि त्याला हलकेच काट्यावरच्या डब्यात सरकवा. जाळी वापरू नका, तिच्यात कल्ले आणि बोटं अडकतात. वजन दर पंधरा दिवसांनी, जेवणाआधी घ्यायचं. महिन्याभरात दहावा हिस्सा वजन गेलं, म्हणजे १५० ग्रॅमचा १३५ वर आला, तर वाट बघत बसायची नाही.

शेजारी एक वही ठेवा. तारीख, सकाळचं आणि संध्याकाळचं तापमान, काय दिलं, किती तुकडे गेले, किती थुंकले, कितींवर नेम चुकला, शी झाली की नाही. एवढंच लिहायचं, पण रोज. पुढे डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा ही वही जास्त सांगेल.

पाणी आणि तापमान: निम्म्या तक्रारी इथेच मिटतात

ॲक्सोलॉटल हा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला प्राणी आहे. त्याला १६ ते १८ अंश सेल्सियस मानवतं. २० च्या पुढे अंगावर ताण येतो, भूक जाते, आणि २४ अंशांवर काही दिवस राहिला तर तरुणही आजारी पडतो, मग म्हाताऱ्याची काय कथा. उन्हाळ्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घरातलं उघडं पाणी सहज ३० अंशांपर्यंत जातं. टाकीवर लावलेला पंखा मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पाणी तीन-चार अंशांनी उतरवतो, पण ३० चे २६ होऊन काही साधत नाही. त्यात खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते, पाणी उडायचं कमी होतं आणि पंख्याचा तेवढाही उपयोग राहत नाही. पावसाळ्यात तर तो जवळजवळ निकामीच. इंदुरात म्हातारा ॲक्सोलॉटल सांभाळायचा तर मार्च ते ऑक्टोबर चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र, हवाच. यात काटकसर करू नका असं आम्ही स्पष्टच सांगतो.

वीज गेली तर गोठवलेल्या बाटल्या उपयोगी पडतात, पण हिशेब माहीत असू द्या: १ लिटर पाण्याची गोठलेली बाटली १०० लिटर पाणी जेमतेम १ अंशाने थंड करते. म्हणून फ्रीजरमध्ये चार बाटल्या कायम तयार ठेवा आणि एका वेळी एकच टाका. पाणी तासाभरात २ अंशांहून जास्त उतरता कामा नये. घाईघाईने चारही बाटल्या टाकल्या तर तापमान एकदम कोसळतं आणि खाल्लेलं बाहेर येतं.

याची दुसरी बाजूही आहे. डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या रात्री गारठतात, चिलर बंद असूनही पाणी १४-१५ वर जातं. तेव्हा त्याची पचनक्रिया मंदावते आणि तो पाच-सहा दिवस अन्नाकडे बघतसुद्धा नाही. वजन टिकून असेल तर हा आजार नव्हे. हिवाळ्यात दोन जेवणांमधलं अंतर वाढवा, आग्रह करू नका.

पाणी थेंबांच्या किटने तपासा. पट्ट्यांचे रंग लहान फरक दाखवत नाहीत. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या (दशलक्षात २० भागांच्या) आत, पीएच ७ ते ८ च्या दरम्यान असावा. बहुतेक किटमध्ये नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते. नाही हलवली तर आकडा खोटा कमी येतो आणि मन उगाच निर्धास्त होतं. अमोनिया किंवा नायट्राइट दिसला तर त्याच दिवशी निम्मं पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, गरज पडली तर पुन्हा बदला. पाणी जितकं गरम आणि पीएच जितका वर, तितका त्याच अमोनियाचा विषारी हिस्सा मोठा. म्हणूनच जानेवारीत निभावलेला आकडा मे महिन्यात जिवावर येतो.

नळाला नर्मदेचं पाणी असो की घरची बोअर, दोन्ही एकदा तपासून आकडे वहीत लिहून ठेवा. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. तेवढ्याने बिघडत नाही, पण एका आठवड्याला नर्मदा आणि पुढच्या आठवड्याला बोअर असा खेळ मात्र बिघडवतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला मत्स्यालयाच्या दुकानात हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक, मिळतात. १०० लिटर पाण्यात १ पीपीएम क्लोरीन असेल तर सुमारे ०.७ ग्रॅम हायपो लागतो. नवं पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा १ ते २ अंशांहून जास्त वेगळं नको. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, नाहीतर त्यातले कामाचे जिवाणू मरतात आणि आठवडाभरात अमोनिया चढतो.

प्रवाहाकडेही लक्ष द्या. कल्ले सतत पुढे वळलेले आणि शेपटीचं टोक मुडपलेलं दिसत असेल तर पाणी खराब आहे किंवा फिल्टरचा झोत त्याला सोसत नाही. म्हाताऱ्यासाठी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सर्वांत सोयीचा.

एका तुकड्याची परीक्षा

तापमान आणि पाणी दोन दिवस जागेवर आहे याची खात्री झाली की परीक्षा घ्यायची. संध्याकाळी दिवा मंद करा. या प्राण्याला पापण्या नसतात, झगझगीत उजेडात तो दबून बसतो. गांडुळाचा ताजा कापलेला दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा बोथट टोकाच्या लांब चिमट्यात धरून त्याच्या नाकापासून १ सेंटिमीटरवर, किंचित बाजूला, हळूहळू हलवा. मग हात स्थिर ठेवून बघत राहा.

तो मान फिरवून निघून गेला तर त्याला नको आहे. मागचं जेवण अजून पोटात असेल, शी झालेली नसेल, पाणी गरम असेल, किंवा तो आजारी असेल. दोन दिवसांनी परत विचारा. पाणी नीट असूनही तीनदा मान फिरवली तर ही जेवणाची तक्रार राहिलेली नाही, आजाराची आहे.

त्याने झडप घातली, पण तुकडा होता त्याच्या शेजारी, किंवा तुकडा काढून घेतल्यावरही रिकाम्या तळावर चावे घेत राहिला, तर त्याला भूक आहे, फक्त सापडत नाही. ॲक्सोलॉटलची नजर तशीही अधू. तो वासावर आणि पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या अंगावरच्या संवेदनांवर शिकार करतो. त्यामुळे पूर्ण आंधळा झालेलाही वर्षानुवर्षं चांगला जगतो, मात्र अन्न त्याच्या तोंडाशी पोहोचवावं लागतं.

त्याने पकडलं, धरून ठेवलं, दोन-तीनदा तोंड उघडझाप केलं आणि बाहेर टाकलं, तर अडचण गिळण्यात किंवा चवीत आहे. ॲक्सोलॉटल चावून खात नाही. तो एकदम तोंड उघडतो, घसा खाली ओढतो, आणि आत धावणाऱ्या पाण्याबरोबर अन्नही ओढलं जातं. दात बारीक, फक्त धरण्यापुरते. त्यामुळे जे एका घोटात आत जात नाही ते त्याच्या उपयोगाचं नाही. वय झाल्यावर ही ओढ कमी पडते. पूर्वी अख्खं गांडूळ शेवयांसारखं सुर्रकन आत घेणारा प्राणी आता तेच गांडूळ अर्धवट तोंडात धरून बसतो, आणि गांडूळ वळवळत परत बाहेर निघतं.

तोंड बघायचं ते तो स्वतः उघडेल तेव्हाच. झडपेचा व्हिडिओ मोबाईलवर काढा आणि सावकाश चालवून बघा. जबड्याची एक बाजू सुजली आहे का, तोंड पूर्ण मिटतंय का, आत लाल चट्टा किंवा गाठ आहे का, ओठांवर कापसासारखी पांढरी बुरशी आहे का? बोटाने किंवा चिमट्याने जबडा उघडायचा प्रयत्न कधीही करू नका, तो नाजूक असतो आणि दुखावतो.

गांडूळ: कोणतं, कुठलं, कसं

मोठ्या ॲक्सोलॉटलचं मुख्य अन्न गांडूळच. प्रथिनं, खनिजं आणि गिळायला मऊ शरीर हे सगळं एकत्र देणारं दुसरं काही सहज मिळत नाही. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्या संस्थेत काम करून सेंद्रिय खताची 'इंदूर पद्धत' जगाला दिली. त्या पद्धतीत गांडुळांचा वाटा नव्हता, पण खताशी नातं असलेल्या या शहरात आज गांडूळ खत करणारी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. अडचण मिळण्याची नाही, जात ओळखण्याची आहे.

गांडूळ खताच्या वाफ्यात बहुधा दोन जाती असतात. एक आयसेनिया फेटिडा: बारीक, तांबडी, अंगावर फिकट पिवळे पट्टे, चिमट्यात धरली की पिवळसर घाण वासाचा द्रव सोडणारी. हा द्रव कडू असतो आणि 'माझा ॲक्सोलॉटल गांडूळ थुंकतो' या तक्रारीमागे पुष्कळदा हीच जात निघते. दुसरी युड्रिलस युजेनी: मोठी, जाडसर, जांभळट, अंगावर निळसर चमक. ही बहुतेक ॲक्सोलॉटल आनंदाने खातात. खतवाल्याकडून दुसरीच मागा, मुठभर उचलून पट्टे बघून घ्या. पहिलीच मिळाली तर वाफाळत्या, पण न उकळणाऱ्या पाण्यात ३ ते ५ सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात खळखळून धुवा. कडू द्रव बराच निघून जातो.

बागेतली गांडुळं नकोत, तिथे कधी कोणतं औषध फवारलंय कळत नाही. आणलेली गांडुळं एक दिवस ओल्या नारळाच्या काथ्यात ठेवा म्हणजे पोटातली माती निघून जाते. मग स्वच्छ पाण्यात धुऊन, स्टीलच्या ताटलीत कात्रीने दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. कापलेल्या तोंडातून द्रव पाझरू लागतो, तोच वास आंधळ्या ॲक्सोलॉटलला वाट दाखवतो. म्हणून सगळे तुकडे आधी करून ठेवू नका. एक कापा, एक द्या.

उतारवयात ८ ते १० सेंटिमीटरचं एक गांडूळ, चार-पाच तुकडे करून, आठवड्यातून दोनदा, इथून सुरुवात करा आणि पोट-डोक्याची रुंदी बघून कमी-जास्त करा. बारीक होत चालला असेल तर एका वेळचं अन्न वाढवण्यापेक्षा दोन जेवणांमधलं अंतर कमी करा. म्हाताऱ्या पोटाला लहान जेवणं पचतात, मोठं जेवण उलटून पडतं.

बाकीच्या अन्नाबद्दल थोडक्यात. गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या बारीक लाल अळ्या) वासाला तेज, भूक जागी करायला उत्तम, पण नुसत्या त्यांच्यावर मोठा प्राणी पोसत नाही. तळाशी बसणाऱ्या मांसाहारी गोळ्या चांगला पर्याय आहेत. मात्र टाकीच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवून, खिचडीच्या साबुदाण्यासारख्या बोटांत सहज दबायला लागल्यावरच द्या. कडक गोळी तो थुंकतो किंवा ती पोटात जाऊन फुगते. तरंगणाऱ्या गोळ्या नकोत, त्या घ्यायला वर येताना तो हवा गिळतो. चिकनचे तुकडे आणि बकऱ्याचं काळीज प्रेमापोटी दिलं जातं, पण ती चरबी त्याला पचत नाही. मिलवर्म या अळीचं कवच कठीण असतं. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल कृमी) अनेकदा सांडपाण्याच्या नाल्यांतून येतो, तो घरात आणूच नका. गोल्डफिश आणि त्याच्या कार्प कुळातल्या कच्च्या माशांत थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. आणि टाकीत सोडलेले छोटे मासे म्हाताऱ्याच्या हाती लागत नाहीत, उलट तेच त्याचे कल्ले कुरतडतात.

हाताने भरवण्याची रीत

सापडत नाही आणि गिळता येत नाही, या दोन्हींवर हाच उपाय. पहिले काही दिवस चुका होतील. दोन्हीकडून.

१. वेळ आणि जागा ठरवा. प्रत्येक जेवणाला संध्याकाळची तीच वेळ, टाकीचा तोच कोपरा. तिथे १० ते १२ सेंटिमीटरची जड काचेची किंवा चिनी मातीची बशी ठेवा. फिल्टर बंद करा, म्हणजे वास पसरून विरत नाही.

२. हात साबणाचा अंश न ठेवता धुवा. बशीजवळ काचेवर बोटाने दोनदा हलकं टकटक करा. काही आठवड्यांत ही खूण त्याला कळते आणि तो बशीकडे येऊ लागतो.

३. तुकडा चिमट्यात टोकाला धरा, निम्म्याहून जास्त बाहेर लोंबू द्या. चिमटा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा, टोकं गोल. धातूच्या टोकावर झडप पडली तर तोंडाला जखम होते.

४. तुकडा समोरून थेट नाकावर नेऊ नका. खालच्या बाजूने आणून ओठाच्या कडेला अलगद टेकवा आणि दोन सेकंद तिथेच धरा. झडप बहुधा त्याच क्षणी येते.

५. झडप पडली की चिमटा सोडा, ओढू नका. तुकडा अर्धा बाहेर लोंबत असला तरी हात लावायचा नाही. तो एक-दोन मिनिटांत दुसरा घोट घेतो किंवा स्वतःच टाकून देतो.

६. दोन तुकड्यांमध्ये एक मिनिट थांबा. तिसऱ्या तुकड्याला उशीर लागला तर जेवण संपलं.

७. वीस मिनिटांनी उरलंसुरलं ५० मिलीच्या सिरिंजला सिलिकॉनच्या नळीचा तुकडा जोडून ओढून घ्या आणि फिल्टर सुरू करा. ही पायरी विसरू नका. तासन्‌तास बंद राहिलेल्या फिल्टरमधले जिवाणू मरतात.

तुकडा थुंकला तर निम्म्या आकाराचा द्या. तोही थुंकला तर वर सांगितल्याप्रमाणे गरम पाण्यात बुडवून धुतलेला द्या. मऊ, लहान आणि धुतलेला तुकडाही धरून सोडून देत असेल तर तोंडात किंवा घशात दुखतंय, डॉक्टरांची वेळ घ्या. ब्लडवर्म द्यायचे तर पाच लिटरच्या टबात, टाकीचंच पाणी पाठीवर तीन-चार सेंटिमीटर येईल एवढं घालून, पंधरा मिनिटं तिथे सोडा. मोठ्या टाकीत त्याला ते वेचता येत नाहीत.

सिरिंजने पातळ अन्न घशात सोडण्याचा प्रयोग घरी करू नका. चुकीच्या वाटेने गेलं तर ते फुफ्फुसात जातं. कधी कधी तसं भरवावं लागतं, पण ते पशुवैद्याच्या हातून.

शी, फुगणं, तरंगणं

शी हे भुकेचं दुसरं टोक आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होतं. मऊ, तपकिरी, लांबट गोळा म्हणजे ठीक. आठवडाभर खाऊनही शी नाही, पोट कडक, शेपटी वर करून तरंगतोय, असं असेल तर पुढचं जेवण थांबवा. तळाशी बारीक खडे असतील तर त्याने ते अन्नाबरोबर ओढलेले असू शकतात, एक्स-रेमध्ये ते दिसतात. म्हाताऱ्याच्या टाकीचा तळ उघडाच बरा. खडे ठेवायचेच तर त्याच्या डोक्याहून मोठे. तरंगत असेल तर पाण्याची पातळी १५ ते २० सेंटिमीटरवर आणा म्हणजे तळ गाठायला झगडावं लागत नाही.

फ्रीजमध्ये ५ ते ८ अंशांवर ठेवण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. तरुण, एरवी धडधाकट प्राण्याला त्याचा कधी उपयोग होतो. म्हाताऱ्याची प्रतिकारशक्ती त्या थंडीत आणखी मंदावते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नये. मिठाच्या पाण्याच्या आंघोळीचंही तसंच. थकलेल्या मूत्रपिंडांवर तिचा भार पडतो. आणि दुकानातून माशांच्या बुरशीचं निळं-हिरवं औषध कुणी हातात ठेवलं तर आणलं तसं परत करा. तांबं, फॉर्मॅलिन, मॅलाकाइट ग्रीन यांपैकी काहीही या प्राण्याच्या पातळ कातडीतून सरळ आत शिरतं.

एक वेगळी शक्यता: भूक गेली, कल्ले भराभर आखडले, शेपटीवरचा पडदा बसू लागला आणि डोळ्यांवर पापण्या येताना दिसल्या, तर ते वय नसून रूपांतर, म्हणजे पाण्यातलं रूप सोडून जमिनीवरचं रूप घेणं, असू शकतं. क्वचित घडतं, पण घडतं. लगेच फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे कधी आणि कसं

निरोगी मोठा ॲक्सोलॉटल दोन आठवडे उपाशी राहिला तरी सहसा काही होत नाही. म्हाताऱ्यासाठी मात्र आमची मर्यादा १० दिवसांची: पाणी स्वच्छ, तापमान १६ ते १८, तरी दहा दिवस काही गेलं नाही तर न्यायचंच. तोंड उघडं राहणं, रक्त, पोटाची सूज, एक दिवसाहून जास्त तरंगणं, कातडी सोलवटणं यांपैकी काही दिसलं तर दहा दिवससुद्धा थांबू नका.

इंदूरहून महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय साधारण २५ किलोमीटरवर आहे. ते १९५५ पासून चालू आहे. तिथे जा किंवा गावातल्या पशुवैद्याकडे, निघण्याआधी फोन करून उभयचर प्राणी बघणारं कुणी आहे का आणि कुठल्या वेळी, ते विचारून घ्या. कुत्र्या-मांजरांच्या रांगेत दोन तास बसणं त्याला परवडणारं नाही.

सकाळी लवकर निघा. झाकणाला भोकं पाडलेला रुंद डबा, टाकीचं पाणी अंग बुडून थोडं वर राहील एवढं, आणि तो डबा थर्मोकोलच्या खोक्यात ठेवून शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेली बाटली. बाटली डब्याच्या आत नको. आदल्या दिवशी जेवण देऊ नका, प्रवासात उलटून येतं आणि त्याच पाण्यात तो बसून राहतो. बरोबर वही, झडपेचा व्हिडिओ, शेवटच्या शीचा फोटो आणि वेगळ्या स्वच्छ बाटलीत १ लिटर टाकीचं पाणी घ्या.

कागदपत्रंही त्याच पिशवीत ठेवा. ॲक्सोलॉटल साइटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीमुळे आणि २०२४ च्या नियमांमुळे अशा पाळीव प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

शेवटचे महिने

काही प्राण्यांच्या बाबतीत सगळं नीट करूनही खाणं परत येत नाही. यकृत किंवा मूत्रपिंड थकलेलं असतं, कुठे गाठ असते. अशा वेळी किती खाल्लं यापेक्षा खाण्यासाठी त्याला किती त्रास झाला, हे वहीत लिहायला लागा. टकटक ऐकून अजून वळतो का? आठवड्याला दोन तुकडे का होईनात, स्वतःहून घेतो का? घेत असेल तर तेवढेच द्या. पाणी थंड, उथळ आणि उजेड मंद ठेवा, झोपायला तोंड लपेल एवढा एक आडवा नळीचा तुकडा असू द्या. रोज नवं अन्न पुढे करून त्याला हुसकावू नका.

वळणं थांबलं, अंग उलटं पडू लागलं, कातडी सुटू लागली, तर दयामरणाबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला. फ्रीजरमध्ये ठेवणं हा शांत मरणाचा मार्ग आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गोठताना त्याला वेदना होतात. डॉक्टर भुलीच्या औषधाच्या पाण्यात त्याला आधी पूर्ण बेशुद्ध करतात. त्या वेळी घरातल्या कुणीतरी त्याच्यासोबत थांबा, आणि पाणी त्याच्या टाकीतलंच न्या, १७ अंशांवरचं.